अल्पीन ए११०: जुनं रूप, नवा सांगाडा आणि वजनाचा हिशेब

मार्च २०१७मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात रेनोने अल्पीन ए११० ही स्पोर्ट्‌स कार उभी केली. नाव १९६२चं. समोरचे चार दिवे, बॉनेटच्या मधोमध गेलेला उंचवटा, मागे उतरत जाणारी गोलसर काच आणि तो निळा रंग, हे सगळं जुन्या गाडीवरून आलेलं. पत्र्याखाली मात्र फार थोडं जुनं उरलं होतं. इंजिनाची जागा बदलली होती, सांगाडा वेगळा होता आणि बॉडी वेगळ्याच द्रव्याची होती.

जुन्या रूपाची स्पोर्ट्‌स कार नव्याने काढायची ही लाट गेल्या पंचवीस वर्षांत जगभर आली. फोर्डने थंडरबर्ड, जीटी आणि मस्टँग काढल्या, डॉजने चॅलेंजर, शेव्हरोलेने कॅमॅरो, निसानने झेड. या गाड्यांवर बोलताना बहुतेक वेळा दिवे आणि ग्रिल यांच्यापलीकडे कोणी जात नाही. जुना चेहरा जमला की नाही, एवढंच विचारलं जातं. ए११०चं प्रकरण मी निवडलं ते या प्रश्नाच्या पुढे जाता यावं म्हणून. जुन्या रूपाचा हट्ट धरला की त्याची किंमत इंजिनिअरांच्या टेबलावर येऊन पडते. ती किंमत कोणी मोजली, कशी मोजली आणि कुठे मोजली नाही, हे या एका गाडीत फार स्पष्ट दिसतं.

दिएपची बर्लिनेट

दिएप हे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं, नॉर्मंडीतलं बंदर. तिथला रेनोचा विक्रेता ज्याँ रेदेले याने १९५५मध्ये अल्पीन कंपनी काढली. रेदेले स्वतः शर्यतीत उतरणारा माणूस. रेनोची ४सीव्ही ही छोटी, चार दरवाजांची घरगुती गाडी घेऊन तो इटलीतल्या मिल्ले मिग्लियासारख्या शर्यतीत धावला. आल्प्सच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर गाडी चालवण्यातला आनंद त्याला सगळ्यात मोठा वाटे, आणि कंपनीचं नावही तिथूनच आलं. त्याची रीत साधी होती. रेनोच्या रोजच्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांची जोडणी घ्यायची, त्यावर फायबरग्लासची हलकी बॉडी चढवायची आणि वजन जमेल तितकं खाली आणायचं. ताकद मर्यादित होती, म्हणून भार कमी करायचा.

ए१०६, मग ए१०८, आणि १९६२मध्ये ए११० बर्लिनेट, म्हणजे बंद छपराची छोटी स्पोर्ट्‌स कार. रेनो ८ या सेडानचे भाग, मधोमध पोलादी कण्यासारखी चासी, वर फायबरग्लास. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. लांबी ३.८५ मीटर, उंची जेमतेम १.१३ मीटर, वजन सातशे किलोंच्या आसपास. सुरुवातीचं इंजिन एक लिटरचंही नव्हतं, पुढे ते १६०० सीसीपर्यंत गेलं. ए१०८ बर्लिनेटच्या रूपावर इटालियन डिझायनर जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचा हात होता आणि ए११० त्याच घडणीतून पुढे आली. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड आपल्याकडे ज्यांनी पाहिली असेल त्यांनी मिकेलोत्तींचं काम नकळत पाहिलेलं आहे, कारण तिची मूळ ट्रायम्फ हेराल्ड त्यांचीच रचना.

बर्लिनेटची कीर्ती रॅलीत झाली. १९७१च्या मॉन्टे कार्लो रॅलीत ओव्हे अँडरसन जिंकला आणि पहिल्या तीनही जागांवर अल्पीन होती, तिसरीवर एका पोर्शेच्या बरोबरीने. १९७३मध्ये ज्याँ-क्लोद आँद्रुए जिंकला, आणि पुन्हा पहिले तिघे अल्पीनमध्येच. त्याच वर्षी जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि उत्पादकांचं पहिलंवहिलं विजेतेपद दिएपला गेलं. मागे लोंबणाऱ्या इंजिनामुळे ही गाडी वळणावर शेपूट फेकायची. चालकांनी त्या खोडीचंच हत्यार केलं. घाटात, बर्फावर, अरुंद रस्त्यावर नाक आत वळवायचं आणि मागचा भाग फिरू द्यायचा.

रेनोने १९७३मध्ये कंपनीचा ताबा घेतला. ए११० १९७७पर्यंत निघत राहिली. ब्राझील, मेक्सिको, स्पेन आणि बल्गेरिया या देशांतही अल्पीनच्या रचना परवान्याने बनल्या. मेक्सिकोत तिचं नाव डिनाल्पिन होतं, बल्गेरियात बुल्गारअल्पीन.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, पण तो विसरू नका, कारण डिझाइनच्या निर्णयात त्याला महत्त्व आहे. १९७१मध्ये ए३१० आली. ती टोकदार, कोनाकोनांची, मोठी गाडी होती. तिच्यामागून जीटीए आणि १९९१मध्ये ए६१० आल्या. या सगळ्या गाड्यांचा रोख पोर्शेच्या ९११शी टक्कर देण्याकडे होता. १९९५मध्ये अल्पीन हे नाव बंद झालं. दिएपच्या कारखान्यात पुढे रेनोच्या वेगवान क्लिओ हॅचबॅक बनत राहिल्या, म्हणून कारागिरांचे हात शाबूत राहिले आणि कारखाना मोडीत निघाला नाही.

पहिली दिशा आणि ती का सोडली

२०१२मध्ये बर्लिनेटला पन्नास वर्षं झाली. रेनोने त्या निमित्ताने ए११०-५० नावाची दाखवण्यापुरती गाडी मोनॅकोत आणली. तिचा सांगाडा मेगान ट्रॉफी या शर्यतीच्या गाडीचा, बॉडी कार्बन फायबरची, इंजिन ४०० अश्वशक्तीचं व्ही६. रुंद, बसकी, फुगलेल्या मडगार्डांची गाडी. समोरच्या दिव्यांत जुन्या गाडीचा इशारा होता, पण अंगकाठी पूर्ण वेगळी होती. रेदेलेची गाडी काटक्या अंगाची होती. ही पैलवान होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस रेनोने हलक्या स्पोर्ट्‌स कार बनवणाऱ्या ब्रिटनच्या केटरहॅमशी निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार केला. तेव्हा रेनोच्या कारभारात दुसऱ्या क्रमांकावर कार्लोस ताव्हारेस होते आणि ते स्वतः हौशी शर्यतपटू. एकाच सांगाड्यावर दोन कंपन्यांच्या दोन गाड्या काढायच्या आणि खर्च वाटून घ्यायचा, असा बेत होता. २०१४मध्ये भागीदारी मोडली आणि रेनोने केटरहॅमचा वाटा विकत घेऊन काम एकट्याने पुढे नेलं.

इथे प्रकल्प सहज गुंडाळला गेला असता. एवढ्या छोट्या बाजारासाठी स्वतंत्र सांगाडा तयार करणं कोणत्याही मोठ्या कंपनीच्या हिशेबात बसत नाही. नेहमीचा मार्ग म्हणजे घरातला एखादा तयार सांगाडा उचलायचा आणि त्यावर जुन्या रूपाचं कवच बसवायचं. फोर्डने २००२च्या थंडरबर्डमध्ये हेच केलं होतं. पन्नाशीच्या दशकातल्या मूळ थंडरबर्डसारखं बाजूंना गोल खिडक्या असलेलं छप्पर, गोल दिवे, सगळं सुरेख. खालचा सांगाडा लिंकन एलएस या सेडानबरोबर वाटून घेतलेला. वजन सतराशे किलोंच्या घरात, इंजिन ३.९ लिटरचं व्ही८. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकांनी गर्दी केली, मग मागणी ओसरली आणि २००५मध्ये गाडी बंद झाली. ती कुरूप नव्हती, उलट अतिशय देखणी होती. पण एकदा बघून झाल्यावर चालवण्यासाठी तिच्याकडे परत यावं असं तिच्यात फारसं काही नव्हतं, असं मला वाटतं.

अल्पीनच्या टीमने तो मार्ग घेतला नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स समूहाकडून घेतले, सांगाडा मात्र नव्याने रचला.

"बंदच पडली नसती तर?"

डिझाइनचे प्रमुख अँटनी व्हिलाँ यांच्यासमोर दोन टोकं होती. एक म्हणजे जुन्या गाडीची हुबेहूब मोठी प्रत, आणि दुसरं म्हणजे ए११०-५०सारखं नावापुरतं नातं. टीमने स्वतःपुढे एक कल्पना मांडली. पोर्शे ९११ जशी १९६०च्या दशकापासून पिढ्यान् पिढ्या हळूहळू बदलत आली, तशी ए११० बंद न पडता बदलत आली असती तर आज कशी दिसली असती? मधल्या न घडलेल्या पिढ्या मनात घडवायच्या आणि त्यांच्या पुढची रेखाटायची.

ही युक्ती मला मनापासून आवडते, कारण ती नक्कल करण्यापासून वाचवते. पिढ्या बदलताना काही गोष्टी नक्कीच गळून गेल्या असत्या. क्रोमचे बंपर गेले असते, फायबरग्लासच्या जाड कडा गेल्या असत्या, दरवाजांची हँडलं बदलली असती. म्हणून त्या परत आणायच्या नाहीत. काही गोष्टी टिकल्या असत्या. बॉनेटवरचा उंचवटा, चार दिवे, दारांखाली आत ओढलेली बाजू, मागची गुंडाळलेली काच, आणि नाकापासून शेपटीपर्यंत हलकेच खाली झुकणारी एकच रेषा. त्या ठेवायच्या.

या कल्पनेत एक मोठा वगळलेला भागही आहे आणि तो डोळेझाक करण्यासारखा नाही. अल्पीनची खरी वंशावळ ए३१०, जीटीए, ए६१० अशी पुढे गेली होती. पाचरीच्या आकाराच्या त्या गाड्या कंपनीने खरोखर बनवल्या, विकल्या, रॅलीत उतरवल्या. रेदेलेनेच ए३१०च्या रूपाने वेगळी वाट धरली होती. २०१७च्या गाडीत त्यांचा मागमूस नाही. जी वंशावळ कल्पनेत होती तिला जागा मिळाली आणि जी प्रत्यक्षात होती ती गाळली गेली. धंद्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखं आहे. मॉन्टे कार्लो जिंकलेली निळी गाडी लोकांना आठवते, ए६१० फार थोड्यांना. तरीही ए६१०वर प्रेम करणाऱ्यांच्या नजरेतून पाहिलं तर हा अन्याय आहे, आणि असा अन्याय जुन्या रूपाच्या प्रत्येक पुनरागमनात होतो. कंपनीच्या इतिहासातलं एकच सोनेरी वर्ष उचललं जातं आणि बाकीची वर्षं पडद्याआड जातात.

२०१५च्या ल माँस शर्यतीच्या वेळी अल्पीन सेलिब्रेशन ही दाखवण्याची गाडी आली, फेब्रुवारी २०१६मध्ये मॉन्टे कार्लोत अल्पीन व्हिजन. दोन्हींची अंगकाठी ए११०-५०पेक्षा बर्लिनेटच्या कितीतरी जवळ होती. चार वर्षांत कंपनी पैलवानाकडून काटकाकडे वळली होती.

रूपासाठी मोजलेली किंमत

आता प्रकरणाचा गाभा. जुनी गाडी १.१३ मीटर उंच होती. आज तेवढी बुटकी गाडी रस्त्यासाठी बनवणं जवळजवळ अशक्य आहे. पादचाऱ्याला धडक बसली तर डोकं बॉनेटवर आपटतं, म्हणून युरोपच्या नियमांनुसार पत्र्याखाली मोकळी जागा लागते. बाजूच्या धडकेसाठी दार जाड होतं. एअरबॅग, मोठे ब्रेक, त्यांना झाकणारी मोठी चाकं, सगळं मिळून गाडी फुगत जाते. फोर्ड जीटीचं उदाहरण बोलकं आहे. मूळ जीटी४०च्या नावातला आकडाच तिच्या चाळीस इंच उंचीचा. २००५ची जीटी तिच्यासारखीच दिसते, पण सुमारे चार इंच जास्त उंच आहे आणि प्रत्येक मापात मोठी आहे.

नवी ए११० ४.१८ मीटर लांब आणि १.२५ मीटर उंच झाली. म्हणजे जुनीपेक्षा तेहतीस सेंटिमीटर लांब आणि बारा सेंटिमीटर उंच. वाढ झाली, पण ताब्यात राहिली. आजच्या रस्त्यावर तिच्याशेजारी कुठलीही गाडी उभी केली तर ती लहानच दिसते, आणि जुनीसुद्धा तिच्या काळातल्या गाड्यांत लहान दिसायची. मापं जपण्यापेक्षा हे नातं जपणं जास्त महत्त्वाचं होतं, आणि ते जपलं गेलं.

इंजिनाची जागा हा सगळ्यात धाडसी बदल. टीमने ते मागच्या चाकांच्या मागून काढून त्यांच्या पुढे, सीटच्या पाठीशी आणलं. वजनाची वाटणी पुढे ४४ टक्के आणि मागे ५६ टक्के झाली. शेपूट फेकण्याची जुनी खोड त्यामुळे बरीच गेली. जुन्याशी प्रामाणिक राहायचं असेल तर इंजिन मागेच हवं होतं, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. बर्लिनेटचं व्यक्तिमत्त्व त्या लोंबत्या इंजिनात होतं. पण रेदेलेने इंजिन मागे ठेवलं ते रेनो ८चं इंजिन मागे होतं म्हणून. हाती आलेल्या सामानातून हलकी गाडी करणं ही त्याची पद्धत होती. २०१०च्या दशकात रेनोच्या हाती पुढच्या चाकांना ताकद देणारी आडवी इंजिनं होती. ते इंजिन आणि गिअरबॉक्स अख्खे उचलून मागे, सीटपाठी बसवणं, हेच रेदेलेच्या पद्धतीला धरून होतं.

रेनोचं इंजिन सीटपाठी बसवण्याची रीत आपल्याकडेही वापरली गेली. डीसी डिझाइनच्या अवंतीत रेनोचं दोन लिटरचं टर्बो इंजिन असंच मागे, चाकांच्या अक्षापुढे होतं. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म तर फायबरग्लासची बॉडी आणि रेनोचं १.२ लिटरचं छोटं इंजिन घेऊन आली होती, त्यामुळे सामानाच्या यादीपुरती ती रेदेलेच्या जुन्या गाड्यांच्या बरीच जवळ होती. सामान कुणालाही मिळतं. वजनाबद्दल शेवटपर्यंत ताणून धरायला लागणारा पैसा आणि वेळ मात्र मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय मिळत नाही.

इंजिन मधे आलं की त्याला हवा हवी, थंडावा हवा. एरवी अशा गाड्यांच्या दोन्ही बाजूंना मोठाली भोकं पडतात. ए११०च्या बाजू कोऱ्या राहिल्या. हवा आत घेण्याच्या फटी मागच्या छोट्या काचेच्या कडेला लपवल्या. इंजिन दाखवायचीही हौस केली नाही. मागची काच बाहेरून अखंड दिसावी म्हणून इंजिन आत झाकून टाकलं. गिऱ्हाइकाला इंजिन दिसत नाही ही विक्रीच्या दृष्टीने खरी तोट्याची गोष्ट, पण बर्लिनेटची पाठ शाबूत राहिली.

मग पंखाचा प्रश्न. वेगात गाडी हलकी होऊन रस्ता सोडू नये म्हणून स्पोर्ट्‌स कारच्या शेपटीवर पंख लावतात किंवा वेग वाढला की आपोआप वर येणारी पट्टी बसवतात. जुन्या गाडीची शेपटी गुळगुळीत होती, म्हणून इथे पंख नको असं ठरलं. मग रस्त्याला चिकटवणारा जोर आणायचा कुठून? गाडीच्या पोटातून. तळ पूर्ण सपाट केला आणि मागे हवा बाहेर ओढणारा डिफ्यूझर बसवला. वाऱ्याला अडथळ्याचा गुणांक ०.३२ राहिला आणि वरून काहीही चिकटवावं लागलं नाही. हा सगळ्या गाडीतला मला सर्वांत आवडणारा निर्णय आहे. एका रेषेसाठी तळाची अख्खी रचना वेगळी करावी लागली, आणि ती केली गेली.

बाकी सगळं वजन. मुख्य इंजिनिअर डेव्हिड ट्वोहिग या आयरिश माणसाच्या टीमने किलोकिलोचा हिशेब ठेवला. सांगाडा आणि बॉडी जवळजवळ पूर्ण ॲल्युमिनियमची, चिकटवून, रिव्हेट मारून आणि वेल्डिंग करून जोडलेली. साबेल्ट कंपनीची सीट प्रत्येकी १३.१ किलोची. हँडब्रेकची वेगळी यंत्रणा काढून ती मागच्या मुख्य ब्रेक कॅलिपरमध्येच बसवली आणि अडीच किलो वाचवले. सुरुवातीची खास आवृत्ती १,१०३ किलोची झाली, सर्वांत हलकी आवृत्ती १,०८० किलोची. त्याच काळातली साधी पोर्शे ७१८ केमन १,३३५ किलोची होती.

वजन कमी झालं की एकातून एक सोयी निघतात. इंजिन १.८ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो, २५२ अश्वशक्तीचं, तरी शंभरचा वेग साडेचार सेकंदांत. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन दिलं, त्यामुळे वळणात टायर रस्त्यावर सपाट टेकून राहतो आणि स्प्रिंग दगडासारख्या कडक करायची गरज उरत नाही. परीक्षकांनी ज्याची सगळ्यात जास्त वाखाणणी केली ती हीच गोष्ट: खराब रस्त्यावरसुद्धा मऊपणे वाहत जाणारी स्पोर्ट्‌स कार. जुनी गाडी पाहून मनात जी अपेक्षा तयार होते, घाटातली, अरुंद रस्त्यावरची, हलक्या पावलाची, ती ही गाडी चालवताना पुरी होते. थंडरबर्डला हेच जमलं नव्हतं.

एवढं झाल्यावर गोल दिव्यांबद्दल फार बोलायची गरज वाटत नाही. एकच तपशील सांगतो. रॅलीत दगड उडून दिव्याची काच फुटली तर ती विखरू नये म्हणून त्यावर फुलीच्या आकारात चिकटपट्टी लावत. नव्या काळातल्या अल्पीनने तीच फुली एलईडी दिव्यांत आणली.

पुढे काय झालं

पहिल्या खास आवृत्तीच्या १,९५५ गाड्या काढल्या, कंपनीच्या स्थापनेचं साल म्हणून तो आकडा. फ्रान्समध्ये किंमत ५८,५०० युरो. काही दिवसांत सगळ्या नोंदवल्या गेल्या. उत्पादन दिएपलाच झालं आणि आज त्या कारखान्याच्या नावात ज्याँ रेदेलेचं नाव आहे. मॅक्लारेन एफ१ ही सुपरकार रचणारे गॉर्डन मरे यांनी स्वतः वापरायला ए११० घेतली. वजनावर आयुष्यभर जीव टाकलेल्या इंजिनिअरने स्वतःच्या पैशाने केलेली ही निवड मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

विक्री मात्र कधीच फार मोठी झाली नाही. वर्षाला काही हजार. ज्याला याच पैशात पोर्शेचं नाव मिळत होतं तो बहुधा पोर्शे घ्यायचा. गाडीत सामान ठेवायला जागा पुढे १०० लिटर आणि मागे ९६ लिटर. आतली काही बटणं आणि कांड्या रेनोच्या स्वस्त गाड्यांतल्या, आणि साठ हजार युरोंच्या आसपास पैसे मोजणाऱ्याला ते खटकणं रास्तच आहे. खर्च तळावर आणि ॲल्युमिनियमवर झाला आणि डॅशबोर्डसाठी थोडा उरला. मी असतो तर मीही पैसे तिथेच घातले असते, पण गिऱ्हाइकाची तक्रार खोटी ठरत नाही.

नंतरच्या आवृत्त्यांत मूळ निर्णयांची धार हळूहळू बदलत गेली. २०१९च्या ए११०एसमध्ये २९२ अश्वशक्ती आली आणि स्प्रिंग दीडपट कडक झाल्या. गाडी वेगवान झाली, पण मऊ वाहण्याची जी खासियत तिला इतरांपासून वेगळी करत होती तीच त्यात कमी झाली. २०२२च्या ए११०आरमध्ये तर शेपटीवर उंच पंख आला आणि मागची काच काढून तिथे कार्बनचं झाकण बसलं. ज्या काचेसाठी इंजिन लपवलं, ज्या शेपटीसाठी तळ सपाट केला, ती काच आणि ती शेपटी दोन्ही या आवृत्तीत गेल्या. वजन १,०८२ किलो आणि ताकद ३०० अश्वशक्ती, म्हणून ट्रॅकवर ती झपाट्याने पळते यात शंका नाही. मला मात्र २०१७ची साधी गाडी जास्त पूर्ण वाटते. तिच्यात रूप आणि यंत्र यांचं एकमेकांशी भांडण नाही.

२०२१मध्ये रेनोने आपल्या फॉर्म्युला वन संघाला अल्पीन हे नाव दिलं आणि कंपनी विजेच्या गाड्यांकडे वळली. २०२२मध्ये ए११० ई-टर्निते नावाची विजेवरची प्रायोगिक गाडी दाखवली गेली. बॅटरी रेनोच्या मेगान ई-टेक या विजेच्या गाडीतल्या घटकांची, वजन १,३७८ किलो. पेट्रोलच्या गाडीपेक्षा अडीचशे किलोंहून जास्त. बाह्यरूप जवळपास तेच. म्हणजे ज्या वजनासाठी हँडब्रेकचे अडीच किलो वाचवले होते, तिथे एका झटक्यात शंभरपट भर पडली.

२०२४मध्ये आलेली अल्पीन ए२९० ही विजेवरची छोटी हॅचबॅक आहे, नव्या रेनो ५वर आधारलेली. तिच्या समोरच्या दिव्यांत चिकटपट्टीची फुली आहेच. वजन दीड टनाला टेकलेलं. गाडी चांगली आहे, आणि विजेच्या हॅचबॅकमध्ये ती हलकीच म्हणावी लागेल. पण फुली आता वजनापासून सुटून एकटीच फिरू लागली आहे, आणि थंडरबर्डच्या वाटेवरचं पहिलं पाऊल नेमकं असंच असतं. विजेवरची पुढची ए११० कंपनी दाखवेल तेव्हा तिचे दिवे आणि रेषा छान असतील याची मला खात्री आहे. त्या दिवशी मी माहितीपत्रकात आधी काट्यावरचा आकडा बघणार आहे, आणि तो चौदाशेच्या वर असेल तर तिला ए११० म्हणायला मी तयार नसेन.